बाळंतपणानंतर लघवी गळणं: नॉर्मल आणि सिझेरियन
बाळाला उचलायला वाकलं, शिंक आली आणि कपडे ओले झाले. अनेकींना हे होतं, पण लाजेपोटी कुणी बोलत नाही.

नॉर्मल बाळंतपणात डोकं खाली सरकताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, नसा ताणल्या जातात. बाळाला ओढून बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावला तर इजेची भीती जास्त. सिझेरियनमध्ये हा ताण बराच टळतो, पण नऊ महिन्यांचं ओझं त्याच स्नायूंनी पेललेलं असतं. नॉर्वेतल्या २००३ सालच्या अभ्यासात मूल न झालेल्या १०.१ टक्के, सिझेरियनवाल्या १५.९ टक्के, तर नॉर्मलवाल्या २१ टक्के स्त्रियांना हा त्रास होता.

फरक आहे, पण तेवढ्यासाठी सिझेरियन मागून घेणं मला पटत नाही. वाढलेलं वजन आणि गरोदरपणातच सुरू झालेली गळती दोघींनाही भोवते. डॉक्टरांना हे आधीच सांगा.