१ इंची यूपीव्हीसी टँक कनेक्टर: फिश टँकच्या सम्पसाठी कसा आहे?

फिश टँकखाली सम्प (पाणी गाळणारी दुसरी टाकी) जोडायचा, तर सगळी भिस्त काचेतल्या भोकात बसून पाइप जोडणाऱ्या या एका फिटिंगवर असते. यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) साधा कनेक्टर हे काम चोख करतो. पितळी मात्र घेऊ नका; त्यातलं तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी आणि गोगलगायी आधी दगावतात.

भोकाचं माप पाइपवरून ठरवू नये. १ इंची कनेक्टरच्या आट्यांचा बाहेरचा व्यास त्याहून बराच मोठा असतो आणि कंपनीगणिक बदलतो. फिटिंग हातात आल्यावर कॅलिपरने मोजा, मगच डायमंड होल सॉ (काचेला गोल भोक पाडणारं पातं) आणा. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला ड्रिल लावायचंच नाही, अख्खी काच फुटते. साध्या काचेवर पाणी सोडत, दाब न देता, कमी वेगाने भोक पाडा. भोक आणि काचेची कड यांत किमान भोकाच्या व्यासाइतकी जागा हवी.

गळतीचं कारण बहुतेक वेळा वॉशर. तो टाकीच्या आत, कॉलरखाली (कनेक्टरच्या रुंद कडेखाली) बसतो. नटाच्या बाजूने बसवला तर पाणी आट्यांमधून झिरपतं. नट हाताने आवळून वर पाव फेरा, बस्स. पान्याने जोर लावला की काच तडकते किंवा वॉशर बाहेर सरकतो. त्यावर सिलिकॉन थापू नका.

उणीव एकच: यात युनियन (पाइप न कापता उघडता येणारा जोड) नसतो. पुढे युनियन बॉल व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर साफसफाईला पाइप कापावा लागतो. पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंट लावल्यावर २४ तास थांबून मगच पाणी भरा.