गाईगुरांच्या तारखा शीटमध्ये : दीड वर्ष वापरून पाह्यलं, पाचपैकी चार

आर्वी तालुक्यात घर, पाच एकर वावर, तीन गाई (त्यात एक गवळाऊ जातीची), एक म्हैस अन् सहा बकऱ्या. डेअरी वगैरे काही नाही, पण कोण कधी भरवली, कोण कधी जनणार, लस कधीची, हे ध्यानात ठेवता ठेवता डोकं आऊट होते, म्हणून दीड वर्षापासून सगळं मोबाईलवरच्या शीटमध्ये टाकतो. एक्सेल घ्या, गूगल शीट्स घ्या, लिब्रेऑफिस घ्या, तारखेचा कारभार जवळपास सारखाच आहे, म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्या एका कामाचा.

आधी जे आवडलं ते. शीटसाठी तारीख म्हणजे निव्वळ एक आकडा आहे. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे १, अन् तिथून रोज एक वाढत जाते. म्हणून दिवस मिळवायला काही फॉर्म्युला पाठ करा लागत नाही, सरळ अधिक करायचं. गाय १२ मार्च २०२५ ला भरवली, त्या खान्यात अधिक २८० केलं की १७ डिसेंबर २०२५. म्हशीले ३१०, बकरीले १५०. गाय चार-आठ दिवस मागंपुढं करते, ते तिच्या हाती. कधी कधी तारखेच्या जागी ४६००८ असं काहीतरी दिसते, पहिल्यांदा मी घाबरलो होतो, पण तो १७ डिसेंबरच आहे, खान्याचा फॉरमॅट तारीख केला की झालं.

महिन्यांचं मात्र वेगळं आहे अन् इथंच लोक फसतात. सहा महिने म्हणून १८० मिळवू नका. लाळ्या-खुरकुताची लस १५ मार्चले टोचली तर १८० दिवसांनी ११ सप्टेंबर येते, सहा महिन्यांनी १५ सप्टेंबर. लसीले चार दिवसांनी काही बिघडत नाही, पण हप्त्याच्या नाहीतर विम्याच्या तारखेले बिघडते. त्यासाठी एडेट (EDATE) हा फॉर्म्युला वापरायचा, कंसात तारीख अन् महिने, मागं जायचं तर महिन्यापुढं वजा. जनायच्या दोन महिने आधी गाय आटवा लागते, तर १७ डिसेंबरला वजा २ दिलं की १७ ऑक्टोबर. ३१ ऑगस्टमध्ये सहा महिने मिळवले तर ३१ फेब्रुवारी नसतेच, मग ते २८ फेब्रुवारी देते, बरोबर आहे. पण त्या २८ मध्ये पुन्हा सहा मिळवले की २८ ऑगस्ट येते, ३१ नाही! तीन दिवस गेले कुठं म्हणून मी एक संध्याकाळ घालवली. दरवेळी पहिल्या तारखेपासूनच ६, १२, १८ असं मोजायचं, मग घसरत नाही.

आता कापलेला एक स्टार. शीट मी स्वतः नाही बनवली, तालुक्याच्या एका कम्प्युटर क्लासवाल्याकडून बनवून घेतली अन् त्यानं ती अमेरिकन सेटिंगवरच ठेवली. तिकडे महिना आधी, दिवस मंग. मी टाकलं १२/३/२०२५, शीटनं धरलं ३ डिसेंबर, अन् जनायची तारीख काढली ९/९/२०२६. आता ९/९ इकडून वाचा का तिकडून, सारखंच, शंका यायला जागाच नाही. डिसेंबरात कापूस वेचायची धांदल चालू अन् आई गोठ्यातून ओरडते, काऊन रे, गाईची कास भरून आली, तू त सप्टेंबर म्हणत होता? मी म्हटलं शीटमदी तसंच हाय. म्हणे, गाईले शीट वाचता येते का? गाय आटवलीच नव्हती, शेवटपर्यंत दूध काढत राहिलो. वगार, माफ करा, कालवड चांगली झाली, पण गाय उतरली.

यातली खोड अशी की १२ पर्यंतचे दिवस चुपचाप उलटे होतात, अन् २५/३ सारखी तारीख टाकली तर बाराच्या पुढं महिनाच नाही म्हणून ती निव्वळ अक्षरं म्हणून बसते, मिळवायला गेलं की एरर. एरर आलेली बरी, निदान समजते. ओळखायची खूण म्हणजे खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, अक्षरं डावीकडे. गूगल शीट्समध्ये फाइलच्या सेटिंगमध्ये लोकेल (म्हणजे देश) भारत करा, पण ध्यानात ठेवा, आधीच उलट्या झालेल्या तारखा त्यानं सुधरत नाहीत, हातानं पुन्हा टाका लागतात. मी आता महिन्याचं नाव टाकतो, १२ मार्च असं इंग्रजीत, मग घोळच नाही.

कालवडीचं वय काढायले डेटडिफ (DATEDIF) हा फॉर्म्युला आहे, पुरे महिने देते, पण एक्सेलमध्ये टाइप करताना ते सुचवत नाही, नाव पाठ पाहिजे. एक गंमत, एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस मोजते, जो कधी उगवलाच नाही, लोटस १-२-३ या जुन्या शीटच्या प्रोग्राममधली चूक जुळवून घ्यायसाठी तशीच ठेवली म्हणे. आपल्या गाई त्यानंतरच्या आहेत, काही फरक पडत नाही.

अन् शीट स्वतःहून हाक मारत नाही. जनायची तारीख वजा टुडे (TODAY, म्हणजे आजची तारीख) करून १५ च्या आत आलं की ओळ लाल होते असं करून ठेवलं, पण ती लाल ओळ पाहायले फाइल उघडा लागते, म्हणून गोठ्यातलं कॅलेंडर अजून खिळ्यालाच आहे, त्यावर आई कोळशानं गोल करते.