हंगेरियनांसाठीचे इंग्रजी शब्दांचे पुस्तक, उलट्या दिशेने: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बुडापेश्तच्या मूझेउम कोरूत या रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकाने ओळीने आहेत. त्यांपैकी एका दुकानातून मी हे पुस्तक १८०० फोरिंटला घेतले. रोजच्या वापरातल्या, पण अनेक अर्थ असलेल्या इंग्रजी शब्दांची उकल हंगेरियन विद्यार्थ्यांसाठी करणारे हे पुस्तक आहे: इंग्रजी शब्द, त्याखाली अर्थागणिक वेगळा हंगेरियन प्रतिशब्द आणि प्रत्येकासाठी एक छोटे वाक्य. ज्याच्यासाठी ते लिहिले गेले तो वाचक मी नव्हे, हे आधीच सांगायला हवे. मला इंग्रजी येत होते आणि हंगेरियन शिकायचे होते, म्हणून मी ते शेपटाकडून डोक्याकडे वाचले.

हा उफराटा उपयोग का जमला, ते ‘राइट’ या एका नोंदीवरून कळते. उजव्या बाजूसाठी योब, बरोबर उत्तरासाठी हेयेश, हक्कासाठी योग आणि ‘तुझे बरोबर आहे’ असे म्हणायचे तर इगॉझॉद वॉन, असे इंग्रजीच्या एका शब्दाचे चार तुकडे तिथे समोर येतात. हक्काला आणि कायद्याला ‘योग’ म्हणणारी भाषा मराठी माणूस सहसा विसरत नाही. त्याहून मौज म्हणजे ‘योब’चा दुसरा अर्थ ‘अधिक चांगला’. दोन स्थळांपैकी हे उजवे, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके हेच करत असतो. पुस्तकात अर्थातच याचा उल्लेख नाही. हंगेरियन वाचकाला त्याची गरजही नाही. ‘हेयेश’ मात्र मी जपून वापरते, कारण माणसाविषयी तो शब्द वापरला की त्याचा अर्थ ‘देखणा’ असा होतो.

पुस्तकाचे खरे मोल अशा ठिकाणी आहे, जिथे इंग्रजी एका शब्दात सगळे गुंडाळते आणि हंगेरियन व मराठी दोन्ही ते वेगळे ठेवतात. ‘वॉश’खाली कपड्यांसाठी, भांड्यांसाठी आणि स्वतःचे अंग धुण्यासाठी तीन वेगळी क्रियापदे आहेत, कपडे धुणारी, भांडी घासणारी आणि अंघोळ करणारी मी ती एका दिवसात शिकले. ‘ब्रदर’ आणि ‘सिस्टर’ या नोंदींत थोरल्या भावाला बात्य, धाकट्याला ओच, थोरल्या बहिणीला नोवेर आणि धाकटीला हूग असे शब्द आहेत. (हंगेरियनमधल्या एका स्वरासाठी देवनागरीत चिन्ह नाही, ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हटले की तो येतो. इथे मी त्याच्या जागी ‘ओ’ लिहिला आहे.) दादा आणि ताई यांच्यात वाढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. शिवाय इथल्या दवाखान्यातही परिचारिकेला नोवेर म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या ‘सिस्टर’सारखेच.

‘रेड’ने मात्र बराच काळ झुलवले. हंगेरियनमध्ये पिरोश आणि वोरोश असे दोन तांबडे रंग आहेत, म्हणून मला वाटले की लाल आणि तांबडा यांची जोडी लावली की काम झाले. सिग्नलचा दिवा आणि पाप्रिकाची पूड पिरोश असते. वाइन आणि माणसाचे केस वोरोश असतात. आपली माती तांबडी, रस्सा तांबडा आणि सिग्नल लाल असतो, पण ही सीमारेषा तिथल्या सीमारेषेशी जुळत नाही. पुस्तकाने प्रत्येकी दोन उदाहरणे देऊन विषय संपवला आहे. पुढचे मी भाजीबाजारात शिकले.

‘होम’ची नोंद सर्वांत सुंदर आहे. बोलणारा घरातच असेल तर इत्थोन, तो बाहेर असून घराविषयी बोलत असेल तर ओत्थोन आणि घराच्या दिशेने निघाला असेल तर हॉझॉ. नवऱ्याने ऑफिसातून फोन करून ‘ओत्थोन आहेस का?’ असे विचारले, तर मी ‘इत्थोन आहे’ असेच उत्तर द्यायचे. त्याचाच शब्द उचलून परत दिला की चूक होते. गेले दोन महिने हा आमच्या घरातला खेळ झाला आहे.

आता तक्रारी. पुस्तक हंगेरियन वाचकाला जे ठाऊक आहे ते गृहीत धरते आणि तेच मला ठाऊक नव्हते. हंगेरियन कोशांत क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनात देण्याची रीत आहे, म्हणजे ‘रन’समोर दिलेल्या ‘फुत’चा अर्थ ‘तो धावतो’ असा आहे. हे न कळल्यामुळे मी पहिले काही आठवडे ‘मी धावतो’ऐवजी ‘मी तो धावतो’ अशा थाटाचे बोलत होते आणि ऐकणारे सभ्यपणे मान डोलावत होते.

‘नो’ (जाणणे या अर्थाचा, नकाराचा नव्हे) या नोंदीतला खड्डा याहून खोल निघाला. माणसाची ओळख असणे याला ‘इश्मेर’ आणि माहीत असणे व येणे या दोन्हींना ‘तुद’, इथपर्यंत पुस्तक चोख आहे. ‘मला पोहता येते’ म्हणजे ‘तुदोक ऊस्नी’. एकदा वरच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात थांबवून लिफ्ट बंद असल्याचे सांगितले, तेव्हा ‘माहीत आहे’ या अर्थी मी ऐटीत ‘तुदोक’ म्हटले. आजी पुढच्या शब्दाची वाट पाहत उभ्या राहिल्या, कारण त्यांच्या कानी ‘मला येते’ एवढेच पडले होते. म्हणायला हवे होते ‘तुदोम’. कर्म निश्चित असेल, मग ते उच्चारलेले असो वा नसो, तर हंगेरियन क्रियापदाचा प्रत्यय बदलतो. आंबा खाल्ला आणि पोळी खाल्ली असे म्हणणाऱ्यांना कर्माने क्रियापदाला वळवणे नवे नाही, पण ते कुणीतरी सांगायला हवे होते. त्यासाठी स्वतंत्र व्याकरण घ्यावेच लागले.

पुस्तक योग्य दिशेने कसे चालते, हे पाहण्यासाठी मी ते एका हंगेरियन सहकाऱ्याला महिनाभर दिले. त्याची अडचण वेगळी होती: हंगेरियनमध्ये तो आणि ती या दोघांनाही एकच ‘ओ’, त्यामुळे आमच्या मिशीवाल्या साहेबांना तो इंग्रजीत बिनदिक्कत ‘शी’ म्हणतो. त्यावर पुस्तकात जेमतेम दोन ओळी आहेत. ‘गेट’ला मात्र चार पाने दिली आहेत आणि त्याच्या मते तीही अपुरी आहेत.

बांधणी कच्ची आहे. पाचव्या महिन्यात ‘गेट’ची पाने सुटून आली, ती सध्या सहकाऱ्याच्या खणात आहेत आणि तो ती परत द्यायचे नाव काढत नाही.