दहावीचं गणित: दोन पुस्तकं की एकच?

घरी शिकवणी घेते. सकाळी राज्य मंडळाची मुलं, संध्याकाळी सीबीएसईची. त्यामुळे बालभारतीची दोन्ही पुस्तकं आणि एनसीईआरटीचं एक रोज हाताळते.

बालभारतीच्या भाग 1 मध्ये बीजगणित, भाग 2 मध्ये भूमिती, 40-40 गुणांचे वेगळे पेपर. भूमितीला स्वतंत्र पुस्तक मिळाल्यामुळे पक्ष, साध्य, सिद्धता हे सगळं निवांत होतं. भौमितिक रचनाही टिकून आहेत. एनसीईआरटीने त्या दहावीतून काढल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कंपासने स्पर्शिका काढल्यावर मुलांचा चेहरा बघायचा असतो! अर्थनियोजनातला जीएसटी शिकवताना तर मुलं घरची बिलंच घेऊन येतात.

पण या विभागणीची एक अडचण आहे. परवा रेषीय समीकरणाचा आलेख काढून झाल्यावर विचारलं, "ही रेषा किती चढते गं?" मुलीचं पेन थांबलं. "मॅडम, चढ भाग 2 मध्ये आहे. आज भाग 1 चा वार ना?" मग त्याच आलेखावर घरं मोजायला लावली. एक घर उजवीकडे, दोन घरं वर. "म्हणजे चढ 2?" ती हळूच म्हणाली.

एकच पुस्तक असलं म्हणून हे आपोआप जुळतं असंही नाही. एनसीईआरटीत रेषीय समीकरणं तिसऱ्या प्रकरणात, निर्देशक भूमिती सातव्यात. माझी पसंती बालभारतीलाच, फक्त आलेख झाले की लगेच भाग 2 मधली निर्देशक भूमिती उघडायची. यंदा मी तसंच करतेय.