लाल रंगाच्या ओळी बघून मी घाबरले

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्राचा लघुप्रबंध असतो. मी ऊसतोड कामगार बायकांवर करायचं ठरवलं. बीडकडच्या टोळ्या दर हंगामात आमच्या वाळवा तालुक्यात येतात, फड घरापासून हाकेच्या अंतरावर. जानेवारीत पहाटे उठून मी बावीस जणींशी बोलले. कुणी मोळ्या बांधता बांधता बोलल्या, कुणी रात्री कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीत, चुलीपुढे. एका मावशींनी आधीच बजावलं होतं, "मपलं नाव टाकू नको, पण म्या सांगितलं तसंच लिही."

मी तसंच लिहिलं. त्यांचं वाक्य होतं, "खाडा झाला तर कोयत्याचे पैसे कापत्यात. म्हणून पाळीतबी फडात उभं ऱ्हावंच लागतं."

प्रबंध जमा करायला आठ दिवस उरले होते. कॉलेजजवळच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात प्रिंट काढायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "प्लॅगरिजम तपासलंय का? नाहीतर परत येतंय." त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि दहा मिनिटांत रिपोर्ट पुढे ठेवला. ४१ टक्के मजकूर म्हणे दुसरीकडून उचललेला. पानंच्या पानं लाल. म्हणाला, सहा टक्क्यांच्या आत आणून देतो, सर्टिफिकेटसकट, २,८०० रुपये. मुलाखती लिहिलेली माझी वहीही ठेवून घेतली, "काही अडलं तर बघता येईल" म्हणून. मी १,५०० रुपये तिथंच दिले. आईनं परीक्षेच्या फीसाठी ठेवलेले होते ते.

त्या लाल ओळींमध्ये मावशींचं वाक्यही होतं. जानेवारीत फडात फक्त माझ्याशी बोललेलं वाक्य इंटरनेटवर कुठून येणार? हा एक प्रश्न मला तेव्हा पडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ४१ हा आकडा बघून माझे हातपाय गार पडले होते.

तीन दिवसांनी उरलेले पैसे देऊन फाइल घेतली. सहा टक्क्यांचा रिपोर्ट होता, त्यावर शिक्का होता. मी आत वाचलंसुद्धा नाही, थेट मार्गदर्शक मॅडमना पाठवली. मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला: "अनुपस्थिती उद्भवल्यास विळ्याची रक्कम कमी केली जाते. म्हणून मासिक चक्रादरम्यानही शेतात स्थित असणे अनिवार्य आहे."

मला पुढं वाचवेना. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरीचा हिशोब त्या जोडीवर चालतो. त्याचा विळा झाला होता. मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल, ती "उचलण्याची क्रिया" झाली होती. आणि टोळीच्या जागी "गुन्हेगारी गट" आला होता. ज्यांनी मला चुलीपुढे बसवून चहा पाजला, त्यांना मी गुन्हेगार लिहून जमा करणार होते. मजकूर इंग्रजीत नेऊन परत मराठीत आणला असणार, असं मॅडम म्हणाल्या.

त्यांनी माझी मूळ फाइल ग्रंथालयातल्या सॉफ्टवेअरवर तपासून घेतली. ९ टक्के! तेही बहुतेक सरकारी व्याख्या आणि अवतरणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षाच नाही, आणि संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची हे त्यात मोजतही नाहीत. म्हणजे ४१ टक्क्यांचा तो कागद दुकानदारानं नुसता बनवलेला होता. पहिल्याच दिवशी मॅडमकडे किंवा ग्रंथपालांकडे गेले असते तर एक रुपया लागला नसता. तुमच्याही कॉलेजात विचारा, आधी तिथंच विचारा.

वही आणायला गेले तर म्हणाला, आणखी २,००० दे, जर्नलमध्ये छापून देतो, आयएसएसएन नंबर आहे. तो आठ अंकी नंबर म्हणजे नियतकालिकाची नुसती ओळख, दर्जाची खूण नव्हे, हे मॅडमनी तोवर सांगितलं होतं. मोठा भाऊ सोबत होता म्हणून वही मिळाली. पैसे नाही मिळाले. पावती मी मागितलीच नव्हती.

चार रात्री जागून मूळ फाइल वहीशी ताडून घेतली आणि प्रबंध वेळेत दिला.

पण एक गोष्ट अजून छळते. पेन ड्राइव्हवर प्रबंधाशेजारी दुसरी फाइल होती, बावीस जणींची खरी नावं, गावं, कुणी किती उचल घेतली त्याचा तक्ता. पेन ड्राइव्ह तीन दिवस त्याच्याकडे होता. कुणालाही पेन ड्राइव्ह देण्याआधी असली यादी त्यातून काढून टाका, हात जोडून सांगते.

मे महिन्यात मी मावशींना फोन करून झालं ते सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "मुकादमाचं नावबी हाय का त्यात?"

होतं.