लांगझाचे होमस्टे: मुक्काम करावा, पण काझात दोन रात्री काढूनच

हिमाचलच्या स्पीती खोऱ्यातलं लांगझा सुमारे 4,400 मीटरवर आहे, कळसूबाईच्या अडीचपटीहून उंच. काझाहून गाडीने तासाभरात पोचता येतं आणि गोची तिथेच होते. मनालीहून कुंझुम खिंडीतून आलेली मंडळी दुसऱ्याच दिवशी वर येतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात. आधी काझात निदान दोन रात्री काढा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी तर सिमला-किन्नौरकडून कल्पा, ताबो असे मुक्काम करत यावं. शरीर हळूहळू सरावतं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. डोकेदुखीबरोबर उलट्या होत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरावं.

घरं मातीची, जाड भिंतींची, सपाट छपरांची. भाडं बहुतेक ठिकाणी माणशी, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून. तरी आधी विचारून घ्या. रोख पैसे काझातूनच न्या, तेही एटीएममध्ये असतील तर. खोलीत हीटर नसतो, रजया मात्र भरपूर आणि वजनदार. ऊब फक्त स्वयंपाकघरात, तंदूरभोवती. तंदूर म्हणजे इथे रोटीची भट्टी नव्हे, तर शेणी-लाकडांवर चालणारी, धुराडं असलेली पत्र्याची शेगडी. संध्याकाळ तिथेच काढायची. निखारे झोपायच्या खोलीत मागू नका, बंद खोलीत त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जीव घेतो.

जेवण साधं आणि चांगलं: थुक्पा (नूडल्सचं सूप), मोमो, डाळ-भात, ऑगस्टच्या सुमारास शेतातला ताजा मटार. या उंचीवर पाणी 85-86 अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही. ऐनवेळी आठजणांचं जेवण सांगून अर्ध्या तासात ताट मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लोण्याचा खारट चहा सगळ्यांना झेपत नाही. निम्माच कप मागा, कारण रिकामा झाला की लगेच भरतात.

आपल्या लोकांची खरी अडचण संडासाची. पारंपरिक संडास कोरडा असतो: वरच्या मजल्यावर जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात माती-राखेचा ढीग आणि फावडं. काम झालं की फावडंभर माती लोटायची. पाणी अजिबात ओतायचं नाही. ओलं झालं की ते कुजत नाही, नुसता वास सुटतो, आणि पुढे शेतात घालायचं खत वाया जातं. ओले टिश्यू, पॅड पिशवीत बांधून परत न्यायचे. काही घरांनी पाहुण्यांसाठी फ्लशचा संडास बांधलाय, पण थंडी वाढली की नळ गोठतात आणि गाडी पुन्हा फावड्यावर येते.

लांगझा, हिक्किम, कोमिक ही तीन गावं एका दिवसात उरकणारी गाडीची फेरी मला घाईची वाटते. हिक्किमच्या पोस्टातून कार्ड टाकायला ती पुरते. पण चौ चौ कांग निल्डा हे सहा हजारी शिखर ढगांआड असलं, तर भर दुपारी लांगझाच्या बुद्धमूर्तीपाशी फोटो काढून परतावं लागतं. मुक्काम असेल तर पहाटे आकाश बहुधा मोकळं मिळतं. जून ते सप्टेंबर योग्य काळ. सप्टेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा मोबाइल आणि पॉवर बँक रजईत घेऊनच झोपा.

मुलं अमोनाइट या प्राचीन सागरी प्राण्याचे जीवाश्म विकायला आणतात. घेऊ नका, गिऱ्हाईक मिळतं म्हणूनच डोंगर खणले जातात.