मॉर्टरमध्ये (सिमेंट-वाळूच्या मालात) काय घालावं: लेटेक्स, सिलिका फ्यूम, फायबर, चुना की नुसतंच कमी पाणी?

गिलाव्याला भेगा पडल्या, जुन्या काँक्रीटवरचा थर सुटला, भिंतीतून ओल आली. तिन्ही तक्रारींवर बहुतेक वेळा एकच डबा आणून ओतला जातो. पण ताकद, पकड, भेगा आणि ओल ही चार वेगळी दुखणी आहेत आणि सगळ्यांना लागू पडेल असं एकही मिश्रण नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय आधी. 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण 0.5. ओल्या वाळूतलं पाणीही याच हिशेबात धरायचं. सिमेंटला लागतं त्याहून जास्त घातलेलं पाणी उडून गेलं की मागे बारीक छिद्रं राहतात. ताकद तिथेच घटते आणि ओलही तिथूनच शिरते. वाळूही तपासा: पारदर्शक बाटलीत वाळू व पाणी घालून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या थराच्या 8 टक्क्यांहून जाड असेल, तर वाळू धुवा किंवा बदला. मातकट वाळूत महागडं रसायन घालणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं.

पाणी कमी केलं की माल रुक्ष होतो, थापीखाली सरकत नाही. तिथे प्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यातही माल सरकता ठेवणारं रसायन. साधा असेल तर पाणी 5 ते 10 टक्के वाचतं, सुपरप्लास्टिसायझरने 20 टक्के किंवा त्याहूनही जास्त. मात्र पाणी तेवढंच ठेवून वर हे ओतलं तर माल फक्त पातळ होतो, ताकद वाढत नाही. भांडी घासायच्या साबणाचं पाणी घालून माल ‘मऊ’ करायची युक्ती टाळाच. त्याने किती हवा अडकेल यावर ताबा राहत नाही, आणि ताकद हमखास पडते.

जुन्यावर नवं चिकटवायचं असेल तर लेटेक्स, म्हणजे पॉलिमरचे (रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) बारीक कण मिसळलेलं दुधाळ पाणी. दुरुस्तीच्या कामाला एसबीआर (कृत्रिम रबराचं) लेटेक्स योग्य. त्यात साधारण निम्मं घन आणि निम्मं पाणी असतं. 50 किलो सिमेंटला 10 लिटर लेटेक्स घातलं तर जवळजवळ 5 लिटर पाणी आलंच. वरून घालायच्या पाण्यातून ते वजा करायला लोक हटकून विसरतात. लेटेक्स पाण्यात मिसळूनच कोरड्या मालात घाला. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त घोटू नका, नाहीतर फेस होऊन हवा अडकते.

जुना पृष्ठभाग टोचून, धुऊन ओला करायचा, पण त्यावर पाणी साचलेलं नको. मग एक भाग लेटेक्सला दीड ते दोन भाग सिमेंट अशी स्लरी (पातळ लेप) ब्रशने घासून लावा. बोट टेकवल्यावर चिकटतं आहे तोवरच माल चढवा. स्लरी वाळली की तिची गुळगुळीत फिल्म होते आणि पकड देण्याऐवजी ती दोन थर वेगळे करते. लेटेक्स वापरूनही थर सुटला, तर बहुतेकदा कारण हेच असतं. वाळलेली स्लरी खरवडून पुन्हा लावावी. त्यावरच दुसरा हात मारून भागत नाही.

क्युरिंगही (माल पक्का होईपर्यंत ओलावा सांभाळणं) नेहमीच्या सिमेंटच्या उलटं आहे. पहिले एक-दोन दिवस ओलं ठेवा, मग हवेत वाळू द्या, कारण पॉलिमरची फिल्म वाळतानाच तयार होते. उघड्या, उन्हातल्या थराला अॅक्रिलिक बरं, एसबीआर उन्हात पिवळं पडतं. पांढरा पीव्हीए गोंद मात्र ओल लागताच पुन्हा मऊ होतो, म्हणून बाथरूम व बाहेरच्या भिंतींसाठी तो बाद.

ताकद आणि घट्टपणा हवा असेल तर सिलिका फ्यूम (सिलिकॉन उद्योगातून मिळणारी अतिबारीक पूड) की फ्लाय अॅश (औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची राख), हा प्रश्न येतो. सिलिका फ्यूमचा कण सिमेंटच्या कणाच्या सुमारे शंभराव्या हिश्शाचा. सिमेंटच्या 5 ते 10 टक्के वजनाने घालतात. तो पाणी खूप मागतो, म्हणून सुपरप्लास्टिसायझरशिवाय वापरूच नये. पृष्ठभागावर पाणी येत नसल्याने तो लवकर सुकून तडकतो, तेव्हा लगेच झाका. पूड नाकात जाऊ नये म्हणून मास्क हवाच. फ्लाय अॅश 20 टक्क्यांपर्यंत सिमेंटच्या जागी चालते आणि माल सुबक होतो. सुरुवातीची ताकद मात्र मंद येते, त्यामुळे ओलं ठेवायचे दिवस वाढवा. सिमेंटच्या गोणीवर फ्लाय अॅश मिसळल्याची नोंद असेल, तर वरून आणखी घालू नका.

पॉलिप्रॉपिलीन फायबर (गोणीला 100 ते 125 ग्रॅम) ओल्या गिलाव्याच्या सुरुवातीच्या आकुंचनाच्या भेगा आवरतं, दाबाची ताकद वाढवत नाही. पुडी एकदम ओतली तर कापसासारखे गोळे होतात, म्हणून कोरड्या मालात विस्कटून टाका.

मऊ विटांच्या भिंतीवर मात्र ताकदीचा हट्ट सोडा. तिथे 1:1:6 सिमेंट-चुना-वाळू हा माल कडक 1:3 सिमेंट-वाळूपेक्षा सरस ठरतो, कारण तो भिंतीसोबत थोडा हलतो. कडक थर विटेचा पापुद्रा घेऊन निघतो.

वॉटरप्रूफिंग द्रव (उत्पादनानुसार, बहुधा गोणीला 200 मिलि) शोषण कमी करतो, पण भेगेतून येणारं पाणी थांबवत नाही. घाईसाठी कॅल्शियम क्लोराइड असलेले जलद-सेटिंग पदार्थ लोखंडाजवळ नकोत, सळई गंजते. क्लोराइडमुक्त मिळतात, ते घ्या.

कामाला लागण्याआधी मीटरभराचा चाचणी पट्टा त्याच भिंतीवर लावा. सात दिवसांनी थापीच्या मुठीने ठोका: खणखणीत वाजला तर पकड आली, बद्द आवाज आला तर मालापेक्षा पृष्ठभागाची तयारी आधी बघा.